विश्लेषण : पहिलाच परदेश प्रवास आणि हातात चारच रात्री, शहर पाहण्याचे गणित कसे मांडावे?

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की मीरा-भाईंदरमधल्या अनेक घरांत परदेश सहलीचा विषय निघतो. सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर, दुबई ही नावे पुढे येतात. कुणी कार्यालयातल्या सहकाऱ्याचा अनुभव सांगतो, कुणी मोबाइलवर ‘चार रात्री, पाच दिवस’ अशी जाहिरात दाखवतो. बहुतेक घरांसाठी ही आयुष्यातली पहिली परदेशवारी असते. दोन-तीन वर्षे बाजूला टाकलेले पैसे त्यात जाणार असतात आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी कदाचित ती एकच असते. त्यामुळे सगळे काही पाहून घ्यावे, असे प्रत्येकाला वाटते. नेमक्या याच इच्छेपायी अनेक सहली बिघडतात. चार रात्रींत एक शहर नीट कसे पाहावे, कागदपत्रे कुठे अडतात आणि खर्चाचा अंदाज कसा बांधावा, याविषयी...

चार रात्री म्हणजे प्रत्यक्षात किती वेळ?

जाहिरातीतले ‘पाच दिवस’ हे पाच दिवस नसतात. उदाहरणादाखल मीरा रोडचे चौघांचे कुटुंब घेऊ. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखत असलेली ६८ वर्षांची आजी. त्यांनी सिंगापूर ठरवले आहे. मुंबईहून सिंगापूरचा थेट विमानप्रवास साधारण साडेपाच तासांचा असतो आणि तिथले घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असते. बुधवारी रात्री साडेअकराला निघालेले विमान तिथे गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमारास उतरते. रात्रभर झोप झालेली नसते आणि हॉटेलची खोली मात्र सहसा दुपारी दोन-तीननंतरच मिळते. म्हणजे गुरुवारच्या दिवसातली फक्त संध्याकाळ हाती लागते. सोमवारी संध्याकाळी परतीचे विमान असेल तर त्या दिवसाची केवळ सकाळ उरते.

हिशेब सोपा करायचा तर प्रत्येक दिवसाचे तीन कप्पे करावेत : सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. पहिल्या दिवसाचा एक, मधल्या तीन दिवसांचे नऊ आणि शेवटच्या दिवसाचा एक, असे एकूण अकरा कप्पे होतात. त्यातून मधल्या तीन दिवसांचा प्रत्येकी एक कप्पा विश्रांतीसाठी सोडावा. उरले आठ. एका कप्प्यात एकच मोठे ठिकाण बसते, हे धरले की चार रात्रींत आठपेक्षा जास्त ठिकाणे होत नाहीत. यादीत वीस नावे असतील तर बारा घरीच खोडावीत. ती तिथे गेल्यावर खोडावी लागली, तर त्या प्रत्येक वेळी घरच्यांत वाद होतो आणि वाया जाणारे तिकीटही अनेकदा आगाऊ घेतलेले असते.

पहिल्या वेळी कोणते शहर निवडावे?

चार रात्रींसाठी एकच शहर निवडावे, हे पहिले पथ्य. सिंगापूरला जातोच आहोत तर मलेशियाही करू, असे अनेकांना वाटते. पण शहर बदलले की सामान बांधणे, खोली सोडणे, प्रवास, इमिग्रेशनची रांग आणि नवी खोली मिळेपर्यंतची वाट पाहणे यात किमान दोन कप्पे जातात. आठातले दोन गेले, म्हणजे सहलीचा पाव भाग गेला.

शहर निवडताना व्हिसा, हवामान आणि ज्येष्ठांना पेलेल इतके चालणे या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. भारतीयांना सिंगापूरसाठी व्हिसा लागतो. त्याचे शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे, अर्ज सहसा अधिकृत एजंटमार्फत होतो आणि एजंट स्वतःचे सेवाशुल्क वेगळे घेतो. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली असून ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली आहे. थायलंडनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४ मध्ये तिची मुदत ६० दिवसांपर्यंत नेली. असे निर्णय त्या त्या सरकारच्या मर्जीने बदलतात. त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पाहणे आवश्यक आहे. दुबईसाठी व्हिसा काढावा लागतो.

व्हिसा नसला तरी डिजिटल अर्ज मात्र असतो. सिंगापूरचे ‘एसजी अरायव्हल कार्ड’, मलेशियाचे ‘एमडीएसी’ आणि थायलंडचे १ मे २०२५ पासून लागू झालेले ‘टीडीएसी’ पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते. हे तिन्ही अर्ज मोफत आहेत. यासाठी पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे शोधयंत्रात वरच्या जागी दिसतात. पैसे भरण्याचे पान उघडले, तर आपण चुकीच्या ठिकाणी आलो आहोत असे समजावे.

हवामानाचे म्हणाल तर दुबई उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर असते. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे दुपारी बाहेर पडणे अवघड जाते. दिवाळीनंतरचा काळ बरा. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंश उत्तरेला आहे. त्यामुळे तिथे वर्षभर उकाडा असतो आणि कधीही पाऊस येऊ शकतो. क्वालालंपूरजवळच्या प्रसिद्ध बाटू लेण्यांतील मुख्य मंदिरापर्यंत २७२ पायऱ्या आहेत. आजींच्या गुडघ्यांचा विचार अशा आकड्यांपासून सुरू करावा लागतो.

पासपोर्टचे काम कुठे अडते?

प्रौढांसाठी ३६ पानी, दहा वर्षे मुदतीच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात. नव्या पासपोर्टसाठी साठीच्या पुढच्या ज्येष्ठांना आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्कात १० टक्के सवलत मिळते. अर्ज आणि भेटीची वेळ पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा अॅपवरच घ्यायची असते.

मीरा-भाईंदरमध्ये अडचण येते ती बहुधा पत्त्याची. गिरगाव, लालबाग, परळ, बोरिवली इथून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे या शहरात मोठ्या संख्येने आहेत. अनेकांच्या आधार कार्डावर अजून जुन्या घराचा पत्ता असतो, तर काही जण भाड्याच्या घरात राहतात आणि दर काही महिन्यांनी घर बदलतात. पासपोर्टच्या अर्जात सध्या राहत असलेला पत्ता द्यावा लागतो आणि पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आहे. त्यामुळे आपली इमारत काशिमिरा, मीरा रोड, नया नगर, नवघर, भाईंदर की उत्तन सागरी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, हे अर्ज करण्याआधीच विचारून घ्यावे. आधारचा पत्ता आधी बदलावा, मग पासपोर्टचा अर्ज भरावा. हा क्रम उलटा झाला की काम लांबते.

दुसरी अडचण नावाची. लग्नाआधीचे आणि नंतरचे आडनाव, मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव, स्पेलिंगमधले एखादे अक्षर अशा बारीक फरकांकडे घरात कुणी लक्ष देत नाही. विमान कंपनी मात्र देते. तिकीट आणि व्हिसा यांवरील नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळायलाच हवे. बुकिंग करताना नाव आठवणीने न लिहिता पासपोर्ट समोर ठेवून लिहावे.

तिसरी अडचण मुदतीची. बहुतेक देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी, अशी अट घालतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण मुलांचा पाच वर्षांचाच. घरातल्या सर्वांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले असले तरी मुलीचा आधी संपतो आणि ते विमानतळावरच्या काउंटरवर लक्षात येते. तोवर चौघांच्या तिकिटांचे पैसे गेलेले असतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच लागते, हेही नवपालकांनी ध्यानात ठेवावे.

आधी दक्षिण मुंबईत सराव करावा का?

जरूर करावा. मीरा-भाईंदरचा माणूस रोज लोकलने मुंबईत जातो, पण शहर पाहायला क्वचितच. परदेशी जाण्याआधी एखाद्या रविवारी चौघांनी मिळून चर्चगेट गाठावे. ओव्हल मैदान आणि भोवतालच्या इमारती पाहाव्यात. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या या वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग गेटवे ऑफ इंडिया आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह करून परत यावे.

त्या दिवशी काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. घरून ठरलेल्या वेळेला निघता आले का? आजी न बसता किती वेळ चालू शकल्या? मुलीला वस्तुसंग्रहालयात कंटाळा कधी आला? जेवायला बसून उठेपर्यंत किती वेळ गेला? स्वच्छतागृह किती वेळा शोधावे लागले? चारपैकी प्रत्यक्षात किती ठिकाणे झाली? उत्तर बहुधा तीन येते, कधी दोन. ओळखीच्या भाषेच्या आणि ओळखीच्या गाड्यांच्या शहरात जर हा वेग असेल, तर परक्या शहरात तो वाढणार नाही. सहलीचा आराखडा इंटरनेटवरच्या एखाद्या तरुण प्रवाशाच्या वेगावर न बांधता आपल्या घराच्या या वेगावर बांधावा. या सरावाला खर्च येतो तो लोकलच्या तिकिटांचा आणि जेवणाचा.

हॉटेल कुठे घ्यावे?

‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ या शब्दांचा खरा अर्थ मीरा-भाईंदरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. घराच्या जाहिरातीतली ही पाच मिनिटे प्रत्यक्षात शेअर रिक्षाची असतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. हॉटेलच्या जाहिरातीकडेही त्याच नजरेने पाहावे. मोबाइलवरील नकाशात हॉटेलपासून मेट्रो स्थानकाच्या प्रवेशद्वारापर्यंतचे चालत जाण्याचे अंतर मोजावे. ते ५०० मीटरच्या आत असेल तर उत्तम. वाटेत पादचारी पूल आहे का, स्थानकात लिफ्ट आहे का, हेही पाहावे.

शहराच्या कडेला हॉटेल स्वस्त मिळते, पण येण्या-जाण्यात रोज दीड-दोन तास मोडतात. त्याहून मोठा तोटा म्हणजे दुपारी खोलीवर परतता येत नाही. उकाड्याच्या शहरात आजींना आणि मुलीला दुपारी दोन तास आडवे होता आले, तरच संध्याकाळ चांगली जाते. त्यामुळे मध्यवर्ती भागातली लहान खोली ही दूरच्या मोठ्या खोलीपेक्षा परवडते. चौघांसाठी एक खोली घेताना हॉटेलला चौघांचे वय आधी कळवावे. दहा वर्षांच्या मुलीसाठी जादा पलंग मिळतो का आणि त्याचे किती पैसे पडतात, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्यावे.

सिंगापूरच्या आठ कप्प्यांत काय बसते?

वरच्या कुटुंबाने लिटल इंडिया भागात मेट्रोजवळ मुक्काम केला, असे धरू. गुरुवारी सकाळी उतरल्यावर सामान हॉटेलात ठेवावे, खोली मिळताच झोप घ्यावी. संध्याकाळी जवळच्याच सेरंगून रस्त्यावर फेरफटका, वीरमाकालीअम्मन मंदिर आणि जेवण. पहिल्या दिवशी एवढेच.

शुक्रवारी सकाळी बोटॅनिक गार्डन्स. २०१५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या उद्यानात प्रवेश मोफत आहे. फक्त आतल्या ऑर्किड उद्यानाला तिकीट आहे. दुपारी विश्रांती. संध्याकाळी ‘गार्डन्स बाय द बे’. तिथल्या काचेच्या वातानुकूलित उद्यानांना तिकीट लागते, पण उंच कृत्रिम ‘सुपरट्री’ झाडांखाली बसून पावणेआठ आणि पावणेनऊला होणारा प्रकाश-संगीताचा खेळ फुकट पाहता येतो. सिंगापुरात वर्षभर साधारण सातच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे उजेडी बाग आणि अंधारात दिवे, असे दोन्ही एकाच फेरीत होते.

शनिवार मुलीचा. सेंटोसा बेटावरचे युनिव्हर्सल स्टुडिओज हे थीम पार्क सकाळ आणि दुपार असे दोन कप्पे घेते. आजींना तिथे दिवसभर उभे राहणे झेपणार नसेल, तर चौघांची तिकिटे काढण्याचा अट्टहास नको. आई-वडिलांपैकी एकाने मुलीसोबत आत जावे, दुसऱ्याने आजींसोबत सेंटोसाच्या समुद्रकिनाऱ्यावर बसावे. संध्याकाळ मोकळी.

रविवारी सकाळी चायनाटाऊन. १८२७ मध्ये स्थापन झालेले मारिअम्मन मंदिर हे सिंगापूरमधील सर्वांत जुने हिंदू मंदिर याच भागात आहे आणि जवळच बुद्धाच्या दाताच्या अवशेषासाठी बांधलेले भव्य बौद्ध मंदिर आहे. दुपारी विश्रांती. संध्याकाळी मरीना बे, मर्लायनचा पुतळा आणि पाण्यावरचा प्रकाशखेळ. प्राण्यांची आवड असेल तर त्याऐवजी १९९४ पासून सुरू असलेली नाइट सफारी. दोन्ही एका संध्याकाळी होत नाहीत. एक निवडावे.

सोमवारी सकाळी खरेदी करावी, सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवावे. चांगी विमानतळाला लागूनच असलेल्या ‘ज्युएल’मध्ये ४० मीटर उंचीचा धबधबा आहे. तो विमानतळाच्या तपासणीआधीच्या भागात येतो. म्हणून तासभर आधी निघाले की तोही पाहून होतो. याप्रमाणे आठ कप्पे भरले. जोराचा पाऊस आला तर बंदिस्त ठिकाण आधी घ्यावे, एवढी अदलाबदल हातात राहते.

शहरात फिरायला मेट्रो आणि बस पुरेशी आहे. आपले संपर्करहित बँक कार्ड थेट प्रवेशद्वारावर टेकवून प्रवास करता येतो. मात्र एका कार्डावर एकाच माणसाला जाता येते, चौघांना नाही. त्यामुळे चार वेगळी कार्डे किंवा पर्यटकांचा पास लागतो. परदेशी बँक कार्डावर रोजचे थोडे जादा शुल्कही पडते. गाडीत खाणे-पिणे, अगदी पाण्याचा घोटही, नियमाविरुद्ध आहे आणि त्याला दंड आहे. लोकलमध्ये डबा उघडायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

बॅगेत काय नको?

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी फराळाचा डबा तपासून पाहावा. खसखस ही आपल्याकडे स्वयंपाकघरातली साधी गोष्ट, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि सिंगापुरातही ती परवानगीशिवाय नेता येत नाही. अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणातही ती अनेक घरांत घालतात. चिवडा, शंकरपाळे, चकली न्यावी. अनारसे घरीच ठेवावेत.

तंबाखू, गुटखा, खैनी यांबाबतही तेच. चघळण्याचा तंबाखू सिंगापुरात नेता येत नाही. ई-सिगारेट जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा आहे. सिगारेटला करमाफी नाही, एक पाकीट असले तरी जाहीर करावे लागते. च्युइंगगमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. आजींची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधे असतील तर त्यांना वेगळी परवानगी लागते का, हे आधी पाहावे. सिंगापुरात तीन चौकोनी पिनांचा प्लग चालतो. त्याचे अॅडॉप्टर इथूनच घेऊन जावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

शाकाहारी आणि जैन कुटुंबांनी विमानातले जेवण तिकिटासोबतच नोंदवावे. ऐनवेळी ते मिळत नाही. लिटल इंडियात १९४७ पासून सुरू असलेल्या कोमल विलाससारखी शाकाहारी उपाहारगृहे आहेत. इतरत्र मात्र भाज्यांच्या पदार्थातही कोळंबीची चटणी किंवा माशांचा रस असू शकतो, म्हणून ‘मांस नाही ना’ एवढेच विचारून भागत नाही. हलाल अन्न हवे असणाऱ्यांना सिंगापुरात अडचण येत नाही, दुकानावर तसे प्रमाणपत्र लावलेले असते.

पैशांचे नियोजन कसे करावे?

खर्चाचे तीन भाग करावेत. पहिला भाग घरून निघण्यापूर्वीच भरायचा : पासपोर्ट, व्हिसा, विमान, हॉटेल, विमा आणि मोठी तिकिटे. दुसरा भाग तिथे रोज लागणारा : जेवण, प्रवास, छोटी तिकिटे, खरेदी. तिसरा भाग राखीव : आजारपण, हुकलेले विमान, हरवलेली बॅग. तिसऱ्या भागाला हात लागला नाही तर सहल हिशेबात झाली. पहिल्याच भागात सगळे पैसे संपत असतील तर शहर बदलावे किंवा सहल वर्षभर पुढे ढकलावी. कर्ज काढून जाऊ नये.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून स्वतः सुरू करावा लागतो, त्याची मर्यादाही तिथेच ठरवता येते. हे काम निघण्याच्या आठवडाभर आधी करावे. परदेशात कार्ड वापरताना दुकानदार कधी कधी ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारतो. रुपयांत हिशेब सोयीचा वाटतो, पण त्यात विनिमय दर महाग पडतो. नेहमी स्थानिक चलन निवडावे. भारतातले सिम कार्ड काढून ठेवू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. थोडे स्थानिक चलन अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे आणि ते दोघांकडे विभागून ठेवावे.

प्रवास विमा हा आजींसाठी सर्वांत महत्त्वाचा. परदेशातले रुग्णालय परवडणारे नसते. विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत. हप्ता थोडा वाढतो, पण लपवले तर ऐनवेळी दावा नाकारला जातो.

टूरसोबत जावे की स्वतःहून?

दोन्हींत तथ्य आहे. टूर कंपनीसोबत गेले की भाषा, वाहन, भारतीय जेवण यांची चिंता नसते. पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांना सोबत मिळते. मात्र वेळ गटाच्या हातात जातो. सकाळी सातला बस म्हणजे सातलाच बस. स्वतःहून गेले की दुपारची झोप आपल्या हातात राहते, पण चुकलेल्या रस्त्याची जबाबदारीही आपलीच. मेट्रोचा नकाशा वाचता येतो आणि कामापुरते इंग्रजी येते, असा एक जण घरात असेल तर सिंगापूरसारखे शहर स्वतःहून सहज पाहता येते.

टूर घ्यायचीच असेल तर पैसे भरण्याआधी काही प्रश्न लेखी विचारावेत. किमतीत विमानभाडे, व्हिसा आणि जीएसटी धरला आहे का? हॉटेलचे नाव दिले आहे की ‘तत्सम’ असा शब्द आहे? ‘शहरदर्शन’ म्हणजे उतरून पाहणे की बसच्या खिडकीतून? दुपारी विश्रांतीला खोलीवर आणतात का? रद्द केल्यास किती पैसे परत? परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो, त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो. तो वेगळा खर्च नाही. ज्याच्या पॅनवर तो कापला, त्याने प्राप्तिकर विवरणपत्र भरले की तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून विवरणपत्र भरणाऱ्याच्याच नावाने पैसे भरावेत. रक्कम खासगी खात्यावर किंवा रोखीने मागितली तर थांबावे.

घरापासून विमानतळापर्यंत काय सांभाळावे?

पहिल्या परदेशवारीतली सर्वांत महागडी चूक तारखेची असते. तिकिटावर ‘१२ तारीख, ००.३०’ असे असेल तर ते विमान ११ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्यानंतर अर्ध्या तासाने सुटते. घरून ११ तारखेलाच निघायचे असते. १२ च्या रात्री विमानतळावर पोहोचणाऱ्यांचे विमान एक दिवस आधीच गेलेले असते.

दुसरी चूक विमानतळाची. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानसेवा सुरू झाली आहे. त्यामुळे यापुढे तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून भागणार नाही. ‘बीओएम’ म्हणजे अंधेरी-सहारचा जुना विमानतळ आणि ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबईचा. मीरा-भाईंदरहून या दोन्हींच्या दिशा आणि वेळा पूर्णपणे वेगळ्या आहेत.

मीरा रोडहून टर्मिनल दोनचे अंतर साधारण २५ किलोमीटर. रात्री उशिरा पाऊण तासात पोहोचता येते, पण काशिमिरा आणि दहिसर चेकनाक्याला कोंडी असेल तर दीड-दोन तासही लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना दहिसरला टोल नाही, कोंडी मात्र आहेच. सामान कमी असेल तर लोकलने अंधेरी, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका आणि मेट्रो तीनने टर्मिनल दोन असाही मार्ग आहे. पण चौघे, मोठ्या बॅगा आणि गर्दीची वेळ असेल तर टॅक्सीच बरी. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, यात प्रवासाचे दोन तास मिळवले की रात्री साडेअकराच्या विमानासाठी घरून साडेसहाला निघायचे, असा हिशेब होतो. आजींसाठी चाकाची खुर्ची विमान कंपनीकडे आधीच नोंदवता येते. त्यात कमीपणा मानू नये, लांबलचक विमानतळावर चालण्यात गेलेली ताकद पुढच्या दोन दिवसांत भरून येत नाही.

इमिग्रेशन अधिकाऱ्याने विचारल्यास दाखवण्यासाठी परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि व्हिसाची प्रत छापून हाताशी ठेवावी. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. हॉटेलचे नाव आणि पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी चौघांच्याही खिशात असावी, मुलीच्यासुद्धा. चुकामूक झाल्यास कुठे थांबायचे, हे दररोज सकाळी खोलीतून निघतानाच ठरवून घ्यावे.